कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत: टर्मिनलवरचा एक दिवस

सकाळी ८:००

रात्रभरात सर्व्हरवर काय घडलं, ते वाचण्यापासून माझा दिवस सुरू होतो. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचे सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. समोर दिवसभर टर्मिनल असतं. त्यात माउसला फारसं स्थान नाही. शोधायचं, पुसायचं, एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचं, सगळं बोटांनी. म्हणून कोणती कळ काय करते, हा माझ्यासाठी हौसेचा विषय नाही, रोजच्या कामाचा आहे.

नोंदींची फाइल मी ‘लेस’ या वाचण्याच्या प्रोग्राममध्ये उघडते. लेसला स्वतःची कळांची फाइल असते, तिला लेसकी म्हणतात. लेसमध्ये जिला काहीच काम नव्हतं अशी एक कळ मी त्यात नेमून ठेवली आहे. ती दाबली की ‘एरर’ या शब्दाचा शोध आपोआप सुरू होतो. पाच अक्षरं आणि एंटर वाचतात. सकाळभरात हाच शोध कितीतरी वेळा घ्यायचा असतो, तेव्हा ही बचत बोटांना जाणवते.

माझ्या कीबोर्डवर कॅप्स लॉक नाही. म्हणजे कळ आहे, पण ऑपरेटिंग सिस्टिमला मी तिला कंट्रोल समजायला सांगितलं आहे. हा बदल मी प्रत्येक नवीन सहकाऱ्याला सुचवते. टर्मिनलमध्ये कंट्रोल सतत लागतं आणि कोपऱ्यातल्या कळेकडे करंगळी वाकवून वाकवून मनगट दुखायला लागतं. १९७६ साली बिल जॉयने बर्कलीत ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर. त्यावर कंट्रोल ए अक्षराच्या शेजारी, म्हणजे आजच्या कॅप्स लॉकच्या जागी होतं, आणि एस्केप आजच्या टॅबच्या जागी. एच, जे, के, एल या चार कळांवर बाणांची चित्रं छापलेली होती. म्हणूनच आजही व्हीआय आणि त्याच्या वंशातल्या व्हिममध्ये कर्सर याच चार कळांनी हलतो. त्या काळच्या हाताला जे सहज होतं ते आजच्या कीबोर्डवर अवघड झालं असेल, तर ते बदलण्यात काहीच गैर नाही.

सकाळी ९:१५

नवीन रुजू झालेला मुलगा शेजारी येऊन उभा राहतो. चेहरा पडलेला.

“ताई, टर्मिनल हँग झालंय. मी काहीच केलं नाही, फक्त सेव्ह केलं.”

“कंट्रोल-एस दाबलंस ना?”

“हो.”

“आता कंट्रोल-क्यू दाब.”

पडदा परत हलू लागतो. सर्व्हरवरचं व्हिम जुनं आहे, त्यात कंट्रोल-एस व्हिमपर्यंत पोचलंच नव्हतं. टेलिप्रिंटरच्या काळात समोरचं यंत्र मागे पडलं तर ‘थांब’ आणि ‘चालू कर’ असे दोन इशारे ठरले होते. आस्कीमध्ये त्यांचे क्रमांक १९ आणि १७, आणि कीबोर्डवर तेच कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू. टर्मिनलचा कर्नलमधला भाग आजही हे इशारे पाळतो. बॅश या शेलमध्ये कंट्रोल-एस हा जुन्या आज्ञांमध्ये पुढच्या दिशेने शोध घ्यायचा शॉर्टकट आहे, पण अनेकांना तो आहे हेही ठाऊक नसतं, कारण कळ वाटेतच अडते. ‘एसटीटीवाय’ या आज्ञेने ही थांबवण्याची सोय बंद केली की दोन्हीकडे ती मोकळी होते.

त्याला मी कागदावर वाट काढून दाखवते. कीबोर्ड, ऑपरेटिंग सिस्टिम, टर्मिनलची खिडकी, कर्नलमधला टर्मिनलचा भाग, मध्ये एका खिडकीत अनेक टर्मिनलं चालवणारा टीमक्स असेल तर तो, आणि शेवटी प्रोग्राम. कळ ही पत्रासारखी या सगळ्यांच्या हातून जाते. वाटेत कुणी पाकीट उघडून ठेवून घेतलं, तर पुढच्याच्या हाती ते पडत नाही. टर्मिनल ब्राउझरमध्ये चालत असेल तर कंट्रोल-डब्ल्यूने शब्द पुसण्याऐवजी अख्खा टॅब बंद होतो, कारण पाकीट ब्राउझरनेच उघडलेलं असतं. अशा वेळी व्हिमच्या फाइलमध्ये कितीही ओळी लिहिल्या तरी उपयोग नाही. कळ कुणाच्या हातात अडली हे आधी शोधायचं, मग ती कुठे बदलायची ते ठरवायचं. दिवसभर मी वेगवेगळ्या शब्दांत हेच सांगत असते.

सकाळी १०:३०

दुसरी तक्रार. एका दूरच्या मशीनवर होम दाबलं की कर्सर ओळीच्या सुरुवातीला जात नाही, त्याऐवजी एक टिल्डाचं चिन्ह उमटतं.

कळ काय पाठवते हे पाहायची साधी युक्ती आहे. बॅशमध्ये आधी कंट्रोल-व्ही आणि मग ती कळ दाबायची. वर जाणाऱ्या बाणासाठी एस्केपचं चिन्ह, एक चौकोनी कंस आणि मोठा ए दिसतो. बाणाचा स्वतःचा असा क्रमांक नसतो. टर्मिनल प्रोग्रामकडे अक्षरांची एक छोटी माळ पाठवतं आणि प्रोग्राम तिचा अर्थ लावतो. डेक कंपनीच्या १९७८ सालच्या व्हीटी-१०० या टर्मिनलची ही पद्धत पुढे सगळ्यांनी उचलली. त्यातही दोन प्रकार आहेत. प्रोग्रामने टर्मिनलला विशिष्ट अवस्थेत टाकलं असेल तर चौकोनी कंसाऐवजी मोठा ओ येतो.

होमच्या बाबतीत तर एकमत नाहीच. एक्सटर्म एस्केप, कंस आणि एच पाठवतं. लिनक्सचा साधा कन्सोल आणि टीमक्स एस्केप, कंस, १ आणि टिल्डा पाठवतात. जुनं आरएक्सव्हीटी १ च्या जागी ७ पाठवतं. कोणत्या टर्मिनलची कोणती माळ, याची नोंद ‘टर्मइन्फो’ या कोशात असते, आणि आपण कोणत्या टर्मिनलवर आहोत हे प्रोग्रामला ‘टर्म’ या चलातून कळतं. त्या दूरच्या मशीनवर टर्ममध्ये भलतंच नाव होतं. कुणीतरी बॅशच्या फाइलमध्ये ते कायमचं लिहून ठेवलेलं. ती ओळ काढली आणि होम नीट चालू लागलं.

सहकारी म्हणते, “ही माळ मी सरळ माझ्या इनपुटआरसी फाइलमध्ये टाकली असती तरी चाललं असतं ना?” त्या मशीनवर, त्या टर्मिनलमधून, चाललं असतं. पण चुकीचं नाव जागेवरच राहिलं असतं आणि उद्या डिलीट किंवा एंड रुसलं असतं. मॅपिंग करून बिघाड झाकायचा नाही. बिघाड असेल तर तो दुरुस्त करायचा, सवयीचा प्रश्न असेल तर मॅपिंग करायचं.

इनपुटआरसीबद्दल मात्र मी तिला थोडं सविस्तर सांगते. बॅशमध्ये टाइप करताना ओळ सांभाळण्याचं काम रीडलाइन ही लायब्ररी करते. तीच पीएसक्यूएलमध्ये आणि जीडीबीमध्येही असते. म्हणून तिच्या इनपुटआरसीत एकदा केलेला बदल एवढ्या ठिकाणी लागू होतो. मी वरच्या बाणाला ‘आत्तापर्यंत लिहिलेल्या अक्षरांनी सुरू होणारी मागची आज्ञा आण’ हे काम दिलं आहे. एसएसएच लिहून बाण दाबला की फक्त त्याच आज्ञा एकामागून एक येतात. टर्मिनलमध्ये एकच बदल करायचा असेल तर मी हाच करायला सांगेन. झेडशेल वापरणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं की त्याची व्यवस्था वेगळी आहे, इनपुटआरसी ते वाचत नाही.

दुपारी १२:००

आता स्वतःचं काम. एका मोठ्या प्रोग्राममधला दोष शोधताना व्हिममध्ये एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये उड्या मारत जावं लागतं. कंट्रोल-ओने मागे, कंट्रोल-आयने पुढे. शेजारच्या टेबलावरून प्रश्न येतो, “माझं कंट्रोल-आय चालेनासं झालंय. मी त्याला हातही लावलेला नाही.”

“टॅबला काही काम दिलंयस का?”

दिलं होतं. टॅबने पुढच्या फाइलवर जायची सोय त्याने काल केली होती.

यामागचं गणित छोटं आहे. आस्कीमध्ये मोठ्या आयचा क्रमांक ७३. कंट्रोल दाबलं की त्यातून ६४ वजा होतात, उरतात ९, आणि ९ म्हणजे टॅब. मोठा एम ७७, वजा ६४, म्हणजे १३: एंटर. चौकोनी कंस ९१, वजा ६४, म्हणजे २७: एस्केप. एच ७२, वजा ६४, म्हणजे ८: बॅकस्पेस. प्रोग्रामला कळ दिसत नाही, फक्त क्रमांक दिसतो. त्यामुळे टॅब आणि कंट्रोल-आय त्याच्या लेखी एकच. कंट्रोलबरोबर शिफ्ट धरलं तरी अक्षरांच्या बाबतीत फरक पडत नाही, त्या क्रमांकात शिफ्टला जागाच नाही.

यावर अलीकडे चांगला उपाय निघाला आहे. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने, ई-पुस्तकांच्या कॅलिबरचा कर्ताही तोच, ‘किटी’ नावाचं टर्मिनल लिहिलं आणि त्याबरोबर कळा पाठवण्याची नवी पद्धत मांडली. प्रोग्रामने मागणी केली तर टर्मिनल कंट्रोल-आयसाठी ९ न पाठवता १०५ आणि ५ हे आकडे असलेली माळ पाठवतं. १०५ म्हणजे छोटा आय, ५ ही सोबत कंट्रोल असल्याची खूण. टॅब मात्र पूर्वीसारखा ९ च राहतो. फूट, अ‍ॅलाक्रिटी, वेझटर्म अशा इतर टर्मिनलांनीही ही पद्धत स्वीकारली आहे. तरी वाटेतल्या प्रत्येकाला ती कळायला हवी. मध्ये टीमक्स असेल तर त्यालाही विस्तारित कळा चालू करायला सांगावं लागतं. आमचे सर्व्हर जुने आहेत, तेव्हा मी त्याला टॅब सोडून दुसरी कळ घ्यायला सांगते.

दुपारी १:१५

डबा. बाजरीची भाकरी आणि मेथी. जेवताना कीबोर्डपासून लांब बसायचं हा आमचा नियम आहे आणि मी तो कसोशीने पाळते. बोटांनाही सुट्टी लागते.

दुपारी २:१५

टीमक्समध्ये व्हिम उघडलं की एस्केप दाबल्यावर क्षणभर काही होत नाही, अशी तक्रार मला सारखी येते. लोक मशीनला दोष देतात. खरं कारण सकाळच्या त्या माळेत आहे. बाणाची माळही एस्केपनेच सुरू होते आणि ऑल्टबरोबर दाबलेली कळही एस्केप लावून येते. नुसतं एस्केप आलं तर टीमक्सला प्रश्न पडतो की ही माळेची सुरुवात आहे की माणसाने खरंच एस्केप दाबलं. तो वाट पाहतो. जुन्या टीमक्समध्ये ही वाट अर्ध्या सेकंदाची, म्हणजे ५०० मिलिसेकंदांची होती. अलीकडच्या आवृत्तीत ती १० वर आणली आहे. व्हिमचीही स्वतःची प्रतीक्षा असते, ती वेगळी ठरवता येते.

मी टीमक्समध्ये २० ठेवते. अगदी शून्य करू नये, कारण संथ जोडणीवरून माळ तुटक तुटक आली तर बाणाचे तुकडे होतात आणि व्हिम ते आज्ञा समजून पाळू लागतं.

टीमक्सच्या मुख्य कळेबद्दलही दुपारी चर्चा होते. ती मुळात कंट्रोल-बी आहे. जुन्या स्क्रीन या प्रोग्रामची कंट्रोल-ए होती, म्हणून अनेक जण टीमक्समध्येही तीच करतात. पण बॅशमध्ये कंट्रोल-ए म्हणजे ओळीच्या सुरुवातीला जाणं, आणि तो शॉर्टकट दिवसभर लागतो. एक सोय करताना दुसरी मोडते. मी कंट्रोल-बीच ठेवलं आहे.

दुपारी ३:३०

आठवड्यातून एकदा एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे येतात. मुक्त सॉफ्टवेअरमधले संदेश ते मराठीत आणतात. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. व्हिम त्यांनी साठीनंतर शिकून घेतलं आणि आता भाषांतराच्या पीओ फाइली ते त्यातच लिहितात.

“अगं, मराठी चालू असताना एस्केप दाबून खाली जायला गेलो की नुसता टिक् आवाज येतो. प्रत्येक वेळी आधी इंग्रजीवर जायचं, मग हलायचं, मग परत मराठी. लिहिणं राहतं बाजूला.”

“काका, तुम्ही इनस्क्रिप्ट वापरता ना? मग जेच्या जागी र जातोय. व्हिमला र म्हणजे काय ते माहीत नाही.”

इनस्क्रिप्ट ही सरकारी प्रमाण मांडणी, १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकातही ती आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. तिच्यात एच, जे, के, एल या कळांवर प, र, क, त येतात. डीवर हलन्त, यूवर ह, एक्सवर अनुस्वार. म्हणजे मराठी चालू असताना हलणं, पुसणं, केलेलं मागे घेणं सगळंच थांबतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण कधी येत नाही. देवनागरीत लिहिणारा मात्र दर वाक्याला अडखळतो.

उपाय व्हिममध्येच आहे. ब्राम मुलेनार यांनी १९९१ मध्ये व्हिम प्रसिद्ध केलं आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत ते त्यावर काम करत राहिले. इंग्रजीखेरीज इतर भाषांत लिहिणाऱ्यांसाठी व्हिममध्ये ‘कीमॅप’ नावाची सोय आहे. ऑपरेटिंग सिस्टिमचा कीबोर्ड इंग्रजीतच ठेवायचा आणि अक्षरं बदलण्याचं काम व्हिमवर सोपवायचं. त्यासाठी साधी फाइल लिहावी लागते. प्रत्येक ओळीत डावीकडे इंग्रजी कळ, उजवीकडे देवनागरी अक्षर. केसमोर क, मोठ्या केसमोर ख, आयसमोर ग, एचसमोर प. मात्रा, हलन्त आणि अनुस्वार यांच्याही ओळी अशाच.

आम्ही दोघं मिळून ती पूर्ण करतो. काका अक्षरं सांगतात, मी लिहिते. ळ मोठ्या एनवर आणि श मोठ्या एमवर, हे त्यांना न बघता पाठ आहे. फाइल लागू केली की लिहिण्याच्या अवस्थेत मराठी उमटते आणि एस्केप दाबताच सगळ्या आज्ञा आपल्या मूळ कळांवर परत येतात. पुन्हा लिहायला लागलं की मराठी आपोआप चालू. मध्येच इंग्रजी शब्द हवा असेल तर लिहिता लिहिता कंट्रोलबरोबर कॅरेट, म्हणजे बहुतेक कीबोर्डांवर कंट्रोल-६, दाबायचं. सगळ्यांत सुंदर गोष्ट अशी की ओळीतल्या पुढच्या ‘म’वर उडी मार, अशी आज्ञा दिली तर आज्ञेची कळ इंग्रजी राहते आणि तिच्यापुढचं अक्षर मराठी घेतलं जातं. ही बारकाई कुणीतरी आपल्यासारख्यांचा विचार करून ठेवली आहे.

जोडाक्षरं पडद्यावर नीट दिसणं हा वेगळा प्रश्न. टर्मिनल अक्षरं सारख्या मापाच्या चौकटींत बसवतं, आणि मात्रा व जोडाक्षरं बसवताना प्रत्येक टर्मिनल वेगळं वागतं. तिथे कळांची फाइल कामी येत नाही, टर्मिनल पारखूनच घ्यावं लागतं. काकांसाठी आम्ही तीन-चार लावून पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांना पटलं ते ठेवलं.

संध्याकाळी ५:००

पत्रं मी ‘मट’मध्ये वाचते. मटमध्ये बाइंड आणि मॅक्रो अशा दोन आज्ञा आहेत. बाइंडने एका कळेला मटमधलं एकच ठरलेलं काम मिळतं. मॅक्रोत कळांची अख्खी साखळी असते, जणू आपणच त्या दाबल्या. त्यामुळे आतली एखादी कळ उद्या बदलली तर मॅक्रोचा अर्थही बदलतो. पत्र दुसऱ्या पेटीत टाकणाऱ्या मॅक्रोच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. म्हणून मॅक्रोत मी कळा लिहीत नाही, कामांची पूर्ण नावं लिहिते. मट ते स्वीकारतं.

व्हिममध्ये हाच भेद मॅप आणि नोरीमॅप यांचा. मॅपमध्ये उजव्या बाजूच्या कळांनाही त्यांची मॅपिंग्ज लागू होतात, नोरीमॅपमध्ये त्या मूळ अर्थानेच घेतल्या जातात. अर्धविरामाला अपूर्णविराम आणि अपूर्णविरामाला अर्धविराम अशी अदलाबदल मॅपने केली तर व्हिम एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतं आणि हजार फेऱ्यांनंतर चूक दाखवून थांबतं. नोरीमॅपने हीच अदलाबदल बिनबोभाट होते. ठोस कारण नसेल तर नोरीमॅपच वापरावं.

संध्याकाळी ६:१५

दिवसाचं शेवटचं काम नोंदी. आज ज्या फाइलींत बदल झाले त्या सगळ्या गिटमध्ये जातात. प्रत्येक मॅपिंगच्या वर मी टिपण लिहिते: कशासाठी केलं, मूळ कळेचं काम काय होतं, कधी काढून टाकावं. जुन्या सर्व्हरसाठी केलेली तडजोड तो सर्व्हर बंद झाल्यावर उरू नये, एवढ्यासाठी. एखादं मॅपिंग कुठून आलं ते आठवत नसेल तर व्हिमला ‘व्हर्बोझ’ लावून विचारायचं, कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत ते लिहिलं आहे ते व्हिम सांगतं. टीमक्समध्ये मुख्य कळेनंतर प्रश्नचिन्ह दाबलं की सगळी यादी येते. मटमध्ये नुसतं प्रश्नचिन्ह पुरतं.

मूळ कळाही मी हातात ठेवते. आठवड्यातून थोडा वेळ व्हिम माझ्या फाइलीशिवाय उघडून काम करते. मध्यरात्री एखाद्या अनोळखी सर्व्हरवर बसायची वेळ येते तेव्हा तिथे माझी फाइल नसते, आणि तेव्हा चुकीची कळ महागात पडते. म्हणून मूळ कळांचा अर्थ मी सहसा बदलत नाही. माझे शॉर्टकट रिकाम्या कळांवर किंवा लीडर या राखीव कळेच्या मागे ठेवते.

संध्याकाळी ७:००

मशीन बंद करायच्या आधी वाचणाऱ्यांना एक विनंती. दुसऱ्याची शेकडो ओळींची फाइल उचलून आपल्या मशीनवर टाकू नका. दिवसभरात आपलं बोट नेमकं कुठे अडतं ते पाहा, तिथे कळ काय पाठवते ते कंट्रोल-व्ही दाबून बघा, ती कुणाच्या हातात अडते ते शोधा आणि मग तेवढाच एक बदल करा. त्याच्यावर कारणाची एक ओळ लिहा. तो हातात बसला की पुढचा. आणि तुम्ही मराठीत लिहीत असाल, तर कीमॅपची फाइल स्वतः तयार करून शेजारच्यालाही द्या. तेवढ्याने मराठी लिहिणाऱ्या एका माणसाची रोजची अडखळ थांबते.